उठलाच आहात तर

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

ही डायरी बेअरिंगच्या एजंटाने दिली. पहिल्या पानावर नाव, रक्तगट, विमा पॉलिसीचा नंबर आणि 'आपत्काळी कोणास कळवावे' असे छापले आहे. त्यातले काही भरले नाही. त्याऐवजी मी, रावजी सखाराम मोगल, वय बावन्न, शिक्षण सातवी, स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू इथे नोंदवून ठेवतो. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. उघडले, बघितले, पुन्हा जोडले.

पुढच्या दाराची कडी. पोलादी. बाजारची कडी दोन बोटांनी वाकते.

टेबल पंखा. मोटर भंगारातली, पाती माझी, तिन्हींचे वजन सारखे. पात्यांवरचा नट पितळेचा, टोपीसारखा, उलट्या आट्यांचा. साधे आटे ठेवले तर पंखा फिरताना नट सुटून येतो, उलटे ठेवले तर फिरण्याने घट्ट होत जातो. १९७६ साली हे मंगलाला समोर बसवून समजावून सांगितले होते. ती तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने लक्ष दिले नाही.

झोपाळ्याच्या कड्या, बेअरिंगसह. आवाज नाही.

लेथ, धातू फिरवत कापायचे यंत्र. खालचा बेड एका बंद कारखान्याच्या भंगारातला, बाकी बहुतेक भाग मी बसवलेले. म्हणजे माझाच.

द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे वॉल्व. निफाड तालुक्यात बरेच आहेत.

कुरडयांचे दाबयंत्र. एका माणसाने चालते.

शेवयांचे यंत्र, मोटरवर चालणारे, झुंबरबाईंच्या महिला मंडळासाठी. अपूर्ण.

अपूर्ण हा शब्द माझ्या कुठल्याही यादीत याआधी आलेला नाही.

४ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी बोट तपासले. पूर्ण बरे झाले म्हणाले. उजव्या हाताची तर्जनी, वरचे पेर नाही. दिवाळीनंतर लेथच्या गिअरमध्ये गेले. गिअरवरचे झाकण मीच काढून ठेवले होते. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

काम बंद आहे त्याचा बोटाशी संबंध नाही. इथे द्वारका चौकात दुपारी व्होल्टेज पडते. सकाळी थंडीने तेल घट्ट असते. आणि मन लागत नाही. लेथवर गोणपाट टाकून ठेवले आहे, धूळ बसू नये म्हणून.

पुढची खोली वर्कशॉप, मागे घर. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. रहदारी बघतो. मंगला म्हणाली, लेथजवळून जाताना तुम्ही हात पाठीमागे बांधून जाता. जात असेन. थंडी आहे.

१० जानेवारी, रविवार

गंगापूर रोडहून मुलगी स्नेहल आणि जावई दिनेशराव आले. दिनेशराव बँकेत आहेत. चहा झाल्यावर त्यांनी वर्कशॉपची खोली पावलांनी मोजली. पावलांनी मोजण्याला मी मोजणे म्हणत नाही.

"मामा, इथं एसटीडी बूथ झकास चालेल. द्वारकेचा नाका, ट्रकवाले दिवसरात्र. एक काचेची केबिन, बाजूला झेरॉक्स."

"आणि लेथ?"

"विकून टाकायचा. कारभारी बोडके म्हणून आहेत माझ्या ओळखीचे, जुन्या मशिनरीचा धंदा आहे त्यांचा. आता या वयात कशाला तुम्ही तेलात हात घालायचे? बूथमध्ये कसं, फोन लोक करणार, मीटर आपोआप फिरणार."

"मग मी काय करायचं?"

"काहीच नाही, मामा. नुसतं बसायचं."

मुलगा चांगला आहे. मनात वाईट काही नाही. मंगला आत जाऊन भांडी घासू लागली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

झुंबरबाई निफाडहून एसटीने तिळगूळ घेऊन आल्या. त्या मंगलाच्या माहेरच्या गावच्या, म्हणून मला भाऊ म्हणतात. त्यांच्या मंडळाच्या बायका उन्हाळ्यात गावभरच्या शेवया करून देतात. हाताचे यंत्र खाटेला बांधून.

"घ्या रावजीभाऊ, गोड बोला. आन मशीनचं बी बोला."

मी म्हणालो, बोट.

"बोट दिसतंय मला. आमचे खांदे दिसंनात तुमाला. एक जण दांडा फिरवती, एक जण शेव धरती, सांजच्याला दोघीस्नी बी डोईवर पदर घेता येत नाय. नाय जमायचं तर आत्ताच नाय म्हना, आमी तयार मशीन बघतो. पन तुमचं आसंल तर बरं."

"का?"

"बिघडलं तर शिव्या द्यायला मानूस जवळ पायजे."

मंगला पदर तोंडाला लावून हसली. मी होळीपर्यंत देतो म्हणालो. म्हणून गेलो.

१९ जानेवारी, मंगळवार

कारभारी बोडके आले. गळ्यात सोन्याची साखळी, हातात सुपारीचा डबा. गोणपाट उचलून लेथ बघितला. चक, म्हणजे काम पकडणारा फिरता जबडा, हाताने फिरवून बघायला गेले. मी 'हात काढा' म्हणालो, जरा मोठ्याने. वीज चालू नव्हती.

"बंद हाय ना, रावजीशेठ?"

"बंद नाही. बंद ठेवला आहे."

"मला दोन्ही एकच. भाव बंद मशीनचाच लागंल." त्यांनी तीस हजार सांगितले. होळी झाली की टेम्पो घेऊन येतो म्हणाले. मी 'बघू' म्हणालो. दिनेशरावांना फोनवर त्यांनी बहुतेक 'हो' असे कळवले असणार, कारण स्नेहलचा निरोप आला की बूथच्या परवान्याचा फॉर्म आणला आहे.

बघू म्हणजे बघू.

२ फेब्रुवारी, मंगळवार

मध्ये काही लिहिण्यासारखे नव्हते. खुर्चीची वेताची वीण एका बाजूने खाली गेली आहे.

आज पाणी प्यायला उठलो तेव्हा मंगला म्हणाली, "उठलाच आहात तर हा कुकर बघा जरा. दांडा डुगडुगतोय."

बघितला. दांड्याचा स्क्रू दोन फेरे सैल. डिसमिस आणायला वर्कशॉपमध्ये जावे लागले. स्क्रू आवळला. खाचेवर नवा ओरखडा होता, डिसमिसचा नव्हे, नाण्याचा किंवा विळीच्या टोकाचा असावा. कोणातरी अर्धवट माणसाने हात घातला आहे. मंगलाला विचारले, दुरुस्तीला कुठे दिला होता का? नाही म्हणाली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

दाराची कडी सैल. माझी कडी. तेवीस वर्षांत कधी सैल झाली नाही. मी आंघोळीला चाललो होतो.

"उठलाच आहात तर..."

दोन्ही स्क्रू आवळले, आणि पुन्हा होऊ नये म्हणून खाली स्प्रिंग वॉशर घातले.

१० फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या कमळाबाईंचा मिक्सर. झाकणाची खिट्टी. मी म्हणालो, मी मिक्सरवाला नाही. मंगला म्हणाली, "तसं नाही हो. त्यांना सांगितलं मी, ह्यांना नाही जमायचं, बोट आहे ना." मिक्सर उघडून खिट्टी, ब्रश आणि खालचे रबर, तिन्ही नीट केले. खिट्टीपुरतेच काम होते, पण उघडलाच होता तर.

हत्यारे बाहेर होती म्हणून शेवयांच्या यंत्राची चकती हातात घेतली. पितळेची चकती, हिच्या भोकांतून शेव पडते. ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या आतल्या कडेला बारीक काटे राहतात. ते सुईसारख्या कानसीने एकेका भोकातून हाताने काढावे लागतात, नाहीतर शेव तुटते. एक भोक साफ केले. एकच. मन नव्हतेच. पण चकतीला एक भोक तरी नीट आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

कडी पुन्हा सैल. स्प्रिंग वॉशर जागेवर नाही. खाली पडला म्हणावे तर सापडलाही नाही.

मी यावर विचार केला आहे. द्वारकेचा चौक हा मुंबई-आग्रा रस्त्यावर. अवजड ट्रक वाढले. त्यांची थरथर जमिनीतून भिंतीत, भिंतीतून चौकटीत, चौकटीतून स्क्रूमध्ये जाते. घरातल्या सगळ्या आट्यांना त्याचा त्रास होणार. मंगलाला हे सविस्तर सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले. "असेल बाई," म्हणाली. "तुम्हाला बरोबर कळतं."

तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. विळी लागली म्हणाली. लग्नाला तीस वर्षे होत आली, विळी लागलेली मी पाहिली नव्हती. वय होत चालले.

चकतीची तीन भोके केली.

१७ फेब्रुवारी, बुधवार

झोपाळा करकरतो. माझा झोपाळा. बेअरिंग उघडले तर आत चिमूटभर रांगोळी. थरथरीने छतातली पूड पडत असणार. सिद्धांताला बळकटी.

धुऊन ग्रीस भरले. बसवले. संध्याकाळी मंगला झोपाळ्यावर बसून शेंगा फोडत होती आणि आवाज येत नव्हता. यंत्राचा सांगाडाही पुसून काढला, ग्रीसचा हात होताच.

२० फेब्रुवारी, शनिवार

आज काही सैल नाही. पाणी प्यायला उठलो. पुन्हा एकदा उठलो. स्वयंपाकघरावरून मागच्या अंगणात जाऊन आलो. मंगला मेथी निवडत होती.

"काही पाहिजे का?" तिने विचारले.

"नाही. कुकर बरा आहे ना?"

"छान आहे."

"कडी?"

"घट्ट आहे की."

ठीक. मग उठलोच होतो म्हणून वर्कशॉपमध्ये गेलो आणि चकती घेऊन बसलो. दुपारचे जेवण उशिरा झाले. डाव्या हाताची दोन बोटे उजव्या तर्जनीचे काम करू लागली आहेत. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

१ मार्च, सोमवार. होळी

चकती झाली. सांगाडा झाला. पण मोटरचा वेग कमी करणारी मोठी पुली आणि पीठ पुढे ढकलणारे मळसूत्र जिच्यात फिरते ती बुश लेथवर काढल्याशिवाय होणार नाहीत. व्होल्टेज आज बरे होते. पाहुणे येणार म्हणून राहू दिले. पाहुणे आले नाहीत.

झुंबरबाईंचा निरोप, गावच्या दूधवाल्याबरोबर: 'होळी आली. भाऊला म्हणावं, पाडव्याला आमी मालेगावकडचं मशीन ठरवनार हाय. आमाला राग नाय.'

राग नाही हे कळवायला नको होते.

३ मार्च, बुधवार

ऊन चढू लागले. दुपारी पंखा लावला तर पाती जागच्या जागी लडबडली. पितळेचा नट नाही. पंख्याखाली, कॉटखाली, मोरीत, सगळीकडे शोधला. नाही.

थरथरीचा सिद्धांत इथे लागू होत नाही हे प्रामाणिकपणे नोंदवतो. हे आटे चालत्या पंख्यात घट्टच होत जातात. आणि हाताने काढायचा म्हटला तर सुलट बाजूला फिरवावा लागतो. ज्याला माहीत नाही तो काढायला जाईल आणि आणखी आवळून ठेवील. म्हणजे नट आपोआप निघणे शक्य नाही, आणि दुसऱ्या कोणाला काढता येणे शक्य नाही.

उंदीर चकाकणाऱ्या वस्तू नेतात असे ऐकले आहे.

मंगला पदराने वारा घेत होती. "राहू द्या," म्हणाली. "नवीन आणू आपण पंखा. दिनेशराव म्हणतात प्लास्टिकचे स्वस्त झालेत."

प्लास्टिकचे.

४ मार्च, गुरुवार

द्वारकेची नटबोल्टची सगळी दुकाने फिरलो. अर्धा इंची, टोपीचा, उलट्या आट्यांचा. कोणाकडे नाही. एका दुकानात गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काका, सुलट्याच आट्यांचा घ्या आणि घरी जाऊन उलटा फिरवा." मी त्याला उभे राहून समजावून सांगितले. मागची गिऱ्हाइके खोळंबली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "काका, एवढं येतं तर तुम्हीच का नाही बनवत?"

घरी आलो. मंगलाने ताक दिले. मिळाला का विचारले नाही.

५ मार्च, शुक्रवार

सकाळी लेथवरचे गोणपाट काढले. आधी नुसते तेल घातले. तेल घातलेच होते म्हणून चक हाताने फिरवून बघितला. फिरला. पितळेची कांडी कपाटात होती, ती चकात पकडली. पकडलीच होती.

आटे काढायचे तर गिअर बदलावे लागतात, आणि उलटे काढायचे तर मध्ये एक गिअर जादा घालावा लागतो. म्हणजे हात नेमका त्या जागेत जाणार. मी मेन स्विच बंद केला. फ्यूज काढला. तो कुठे ठेवावा हे सुचेना. कपाटावर ठेवला, परत उचलला. मंगलाला हाक मारली आणि तिच्या हातात दिला.

"हा धरून उभी राहा. मी मागितल्याशिवाय द्यायचा नाही."

"मागितला तरी एकदा विचारीन," ती म्हणाली.

ती चौकटीत उभी राहिली, दोन्ही हातांच्या ओंजळीत फ्यूज, प्रसाद घेतल्यासारखा. दूध उतू गेल्याचा वास आला. मी म्हणालो, दूध. ती म्हणाली, जाऊ दे. मी गिअर बसवले. कपाळावरचा घाम डोळ्यात येत होता, उकाड्याने असेल. मग झाकण बसवले. चारही स्क्रू. ओढून बघितले. पुन्हा ओढून बघितले.

"फ्यूज."

"झाकण?"

"लावलं."

"मला दाखवा."

दाखवले. तिने फ्यूज दिला.

एक तांत्रिक नोंद. साधे आटे काढताना कापणारे टूल चकाकडे सरकत जाते. उलटे काढताना ते आतून निघून चकापासून दूर दूर येते. त्याबरोबर हातही दूर येतो. लेथ पुन्हा सुरू करायला हे काम सोयीचे पडले. योगायोग.

पहिला नट वाया गेला. दुसरा बसला. पंखा लावला. मंगला समोर बसली आणि केस सुटे करून वाळवत राहिली. केस धुतलेले नव्हते.

८ मार्च, सोमवार

पुली झाली. साध्या कामाला टूल चकाकडेच जाते. गेले. काही झाले नाही.

११ मार्च, गुरुवार

बुश झाली. पहिली सैल झाली होती, कागद आत जात होता. फेकली. दुसरी केली. 'चालून जाईल' हा शब्द मी वापरत नाही.

दिनेशराव बँकेतून परस्पर आले. हातात परवान्याचा फॉर्म. लेथ चालू होता, म्हणून त्यांना दारात उभे राहून ओरडून बोलावे लागले.

"मामा, सही!"

"हात तेलाचे आहेत!"

"मग कधी?"

"हात धुतले की!"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी हात धुतले नाहीत. मंगलाने त्यांना आत नेऊन कांदेपोहे दिले. फॉर्म झोपाळ्यावर राहिला आहे.

१४ मार्च, रविवार

चाचणी. मंगलाने रवा भिजवून तिंबला. यंत्र सुरू केले. शेव चकतीतून बाहेर आली आणि वीतभर झाली की तुटू लागली. चकती तपासली. भोके स्वच्छ. बुश तपासली. पुलीचा वेग मोजला. सगळे बरोबर. मी यंत्र पूर्ण उघडायला घेतले.

"थांबा," मंगला म्हणाली. तिने पिठाच्या गोळ्याला बोट लावले. "यंत्राला काही झालेलं नाही. पीठ घट्ट आहे. तुमच्यासारखं."

पाण्याचा हात लावून पुन्हा तिंबले. मग शेव सरळ खाली उतरली, तुटेचना. मंगला हातावर झेलत मागे मागे जात भिंतीला टेकली. कमळाबाई बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, आता दार उघड, नाहीतर भिंत फोडून चौकात जाईल." मंगला हसता हसता खाली बसली. शेवया तिच्या मांडीवर.

मी वेळ मोजली आहे. हाताच्या यंत्रापेक्षा कितीतरी पट वेगाने. आकडा झुंबरबाईंना तोंडी सांगेन.

१६ मार्च, मंगळवार

टेम्पोतून यंत्र निफाडला नेले. बायका जमल्या होत्या. झुंबरबाईंनी यंत्राला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, मग बटण दाबायला मला सांगितले. मी म्हणालो, तुम्हीच दाबा, शेवटी तुम्हालाच दाबायचे आहे. त्यांनी डोळे मिटून दाबले.

घाणा निघाल्यावर त्या म्हणाल्या, "होळीला देतो म्हनला व्हता."

"उशीर झाला."

"मग आता शिव्या कशाला द्यायच्या आमी? उशिरालाच देतो." आणि दिल्या. दोन. बायका हसल्या. मी झाकणाचे चारही स्क्रू त्यांना दाखवले आणि सांगितले की हे झाकण कोणीही, कोणत्याही कारणाने, काढायचे नाही. माझे बोट दाखवले. आजवर कोणाला मुद्दाम दाखवले नव्हते.

येताना दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा. काढणी चालू होती.

१८ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढीचे वस्त्र काठीला बांधायला सेफ्टी पिन हवी होती. मंगला आंघोळीला गेली होती. तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात पिना असतात म्हणून डबा उघडला. पिनांच्या खाली, बटनांच्या पुडीत, पितळेचा नट. अर्धा इंची. टोपीचा. त्याच्या शेजारी एक स्प्रिंग वॉशर.

नट हातात घेऊन आटे नखाने तपासले. उलटे. माझे १९७६ चे काम.

म्हणजे तिने लक्ष दिले होते.

नट पुडीत होता तसा ठेवला. वॉशरही. पिन घेतली. डबा होता तिथे ठेवला, झाकणावरची फुले पुढे करून.

गुढी उभारली. मंगलाने साखरेची गाठी घातली, कडुलिंबाची चटणी हातावर दिली. मी नेहमीसारखे तोंड वाकडे केले. तिने नेहमीसारखे पाणी दिले.

दुपारी कुकरचा दांडा, कडीचे स्क्रू आणि झोपाळ्याचे बोल्ट, सगळे एकदा आवळून घेतले. शेवटचा पाव फेरा सोडला. विळीच्या टोकाने सुटतील इतपत. नाण्याने सुटले तर आणखी बरे, बोट कापणार नाही. गल्ल्यातले एक जुने जाड रुपयाचे नाणे स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून दिले.

२१ मार्च, रविवार

सकाळी कारभारी बोडके टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आले. दिनेशरावही होते. मी लेथवर होतो. झुंबरबाईंच्या शेजारच्या गावाला तसेच यंत्र पाहिजे आहे, त्याची बुश चकात होती. कारभारी दारात थांबले. बराच वेळ कापल्या जाणाऱ्या पितळेकडे बघत राहिले. पितळेचा भुगा सोन्यासारखा पडतो, त्यामुळे असेल.

"रावजीशेठ, हे तर चालू हाय."

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"टेम्पो आणलाच हाय तर..." ते म्हणाले.

हे वाक्य कुठे घेऊन जाते हे मला आता माहीत आहे. मी लेथ बंद केला, हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवले. त्यांनी सुपारी कातरली. दिनेशराव म्हणाले, "मामा, एकदा ऐकून तर घ्या." ऐकून घेतले. कारभारींनी भाव सांगितला, मी हात पुसत राहिलो तेव्हा वाढवला, आणि मग आणखी वाढवून हात पुढे केला. उजवा. मी माझाही उजवा पुढे केला. त्यांनी तर्जनीकडे बघितले. मी हातात हात दिला, नमस्कारापुरता, आणि काढून घेतला.

हमालांना मंगलाने चहा दिला. टेम्पो रिकामा गेला. दिनेशराव फॉर्म घेऊन गेले. ते रागावलेले नाहीत, स्नेहलला काय सांगायचे या काळजीत होते. "तिला सांगा, आईला विचार," मी म्हणालो.

जेवायला उठलो तेव्हा आतून आवाज आला.

"उठलाच आहात तर तेवढं सांगा, शेवटी किती म्हणाले ते?"

सांगितले. इथेही नोंदवतो, तपशील बरोबर राहावा म्हणून. लेथ, चार फुटी, चक, मोटर आणि गिअरच्या झाकणासहित, चालू स्थितीत. देऊ केले ते, आणि मी घेतले नाहीत ते: पंचावन्न हजार रुपये, रोख.